कांचेआडचा प्राणी आणि टोपलींतला मासा

वस्तुसंग्रहालयाचें परीक्षण मासिकांतून करण्याची आपल्याकडे चाल नाहीं. नाटकाचें होतें, चित्रप्रदर्शनाचें होतें, क्वचित् एखाद्या व्याख्यानमालेचेंहि होतें. परंतु जेथें वर्षानुवर्षें हजारों कुटुंबें सुटीच्या दिवशीं मुलांचीं बोटें धरून जातात, त्या दालनांविषयीं "पाहून आलों, फार छान आहे" यापलीकडे लिहिलेलें फारसें आढळत नाहीं. वास्तविक प्राण्यांचें दालन ही देखील एक रचना आहे. तिला कर्ते असतात, विशिष्ट काळाची अभिरुचि असते, सांगण्याची एक रीत असते, आणि कांहीं गोष्टी न सांगतां सोडून देण्याचीहि एक रीत असते. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांतील प्राणिविभागाकडे या दृष्टीनें पाहण्याचा आमचा विचार आहे. आणि पाहावयाचें तें मुंबईकराच्या डोळ्यांनीं नाहीं, पालघर, बोईसर, तारापूर या बाजूकडून आगगाडीनें येणाऱ्या मुलाच्या डोळ्यांनीं.

हा दृष्टिकोन आम्हीं लहरीनें निवडलेला नाहीं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यांतून वेगळा झाला; त्याच्या आदल्याच वर्षीं, २०१३ मध्यें, चर्चगेटहून डहाणूपर्यंत लोकलगाड्या धावूं लागल्या. तेव्हांपासून बोईसरहून सुमारें शंभर किलोमीटरचा प्रवास करून दिवसाच्या दिवसांत मुंबई पाहून परतणें कुटुंबांना पुष्कळ सोपें झालें आहे. या बाजूचें मूल दोन जगांच्या मध्यें वाढतें. एका अंगाला १९६९ सालीं सुरू झालेलें तारापूरचें अणुवीजकेंद्र, देशांतलें पहिलें, आणि त्यामागोमाग वाढलेली कारखान्यांची वसाहत. दुसऱ्या अंगाला सातपाटी, मुरबे, नवापूर, चिंचणी यांच्या खाड्या, ओहोटीला दूरवर उघडा पडणारा चिखल आणि बाजारांतल्या मासळीच्या टोपल्या. दालनाची खरी कसोटी अशाच प्रेक्षकापुढें लागते. कारण त्याला वाघ नवा असला तरी मासा नवा नसतो.

प्रथम या दालनाचें ऋण मान्य केलें पाहिजे. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्यें, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयांत, आठ गृहस्थ जमले आणि त्यांनीं बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोघे आपले होते: प्रार्थनासमाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. ही गोष्ट आपल्या समाजसुधारणेच्या इतिहासांत सहसा सांगितली जात नाहीं. प्राणी जमवणें हा साहेबांचा शिकारी शौक, असें समजण्याची आपली जी सवय आहे, तिला या दोन नांवांनीं थोडा तरी अडथळा यावयास हवा. सोसायटीचा संसार पुढें फिप्सन नांवाच्या मद्यव्यापाऱ्याच्या अपोलो स्ट्रीटवरील दुकानांत थाटला गेला. तेथें 'विल्यम' नांवाचा एक धनेश पक्षी १८९४ पासून १९२० पर्यंत सुखानें नांदला. सोसायटीच्या आजच्या वास्तूला 'हॉर्नबिल हाउस' हें नांव मिळालें तें त्याच्याच आठवणीनें.

वस्तुसंग्रहालयाची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजीं बसली. जॉर्ज विटेट यांनीं आंखलेली ती घुमटाची इमारत महायुद्धांत इस्पितळ म्हणून वापरली गेली आणि १० जानेवारी १९२२ रोजीं लोकांसाठीं उघडली. प्राणिविभाग सोसायटीच्या संग्रहावर उभा राहिला. त्याला आजचें रूप देण्याचें श्रेय मुख्यतः एस. एच. प्रेटर यांचें. या गृहस्थांनीं इंग्लंड-अमेरिकेंतल्या पद्धति जाऊन पाहिल्या, आणि पेंढा भरलेले प्राणी फळ्यांवर ओळीनें मांडण्याऐवजीं ज्याचा त्याचा प्राणी ज्याच्या त्याच्या रानांत दाखवण्याची रीत येथें रुजवली. हेच प्रेटर पुढें घटनासमितीचे सभासद होते, आणि १९४८ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा भारतीय सस्तन प्राण्यांवरील ग्रंथ अजून जुना झालेला नाहीं.

कांचेमागचीं हीं रानें पाहतांना आम्हांला नेहमीं संगीत नाटकांची आठवण होते. मागें रंगविलेला पडदा, पुढें खरें गवत, खरी फांदी, आणि दोहोंचा सांधा कोठें आहे हें न कळावें अशी योजना. रंगभूमीवर मात्र पात्र बोलतें. येथें तें बोलत नाहीं, म्हणून सर्व कांहीं त्याच्या उभे राहण्यावर अवलंबून असतें. गव्याची झुकलेली मान, रोहित पक्ष्यांची वांकवलेली चोंच, वाघाचें तें जणुं पाऊल उचलतां उचलतां थांबणें, यांत शिल्पकाराचें कसब आहे. आणि कातड्याखालचा स्नायु कोणता ताणतो व कोणता सैल पडतो हें ज्याला ठाऊक नाहीं त्याच्या हातून तें साधणारें नाहीं. ज्यांना हें सारें 'मेलेल्या जनावरांचें प्रदर्शन' वाटतें त्यांनीं एकदां डोळे भरून त्या मानेकडे पाहावें.

गुण सांगितले, आतां उणें. या मांडणींत स्थळ आहे, काळ नाहीं. गवा कोठें राहतो तें आपल्याला दिसतें. गवा कोठून आला तें दिसत नाहीं. एक क्षण धरून ठेवावा आणि त्याला पूर्णत्व द्यावें ही या कलेची प्रतिज्ञाच असल्यामुळें तिच्यांतला प्रत्येक प्राणी सृष्टीच्या आरंभापासून असाच उभा असावा असा भास होतो. त्यांतून भरावी ती वर्गवारी: सस्तन प्राणी एकीकडे, पक्षी एकीकडे, सरपटणारे एकीकडे, मासे एकीकडे. ही वर्गवारी खोटी नाहीं. पण ती एखाद्या घराण्याच्या माणसांची यादी आडनांवांप्रमाणें करावी, आणि कोण कोणाचा चुलता व कोण कोणाची आतेबहीण हें कोठेंच लिहूं नये, तशी आहे.

कांचेखालच्या पाटीचीहि तीच कथा. पाटी हा एक वाङ्मयप्रकार आहे, आणि आपल्याकडे त्याच्याकडे कोणीं वाङ्मय म्हणून पाहिलेलें नाहीं. नांव, शास्त्रीय नांव, वसतिस्थान, झालेंच तर आहार. जगभरच्या अशा पाट्या 'हा कोण?' या प्रश्नाचें उत्तर देतात. परंतु मुलें हा प्रश्न विचारीत नाहींत. आमच्यासमवेत बोईसरची एक दहा वर्षांची मुलगी होती. धनेशासमोर ती बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "याच्या चोंचीवर दुसरी चोंच कशाला?" त्या पक्ष्याच्या चोंचीवर शिरस्त्राणासारखा जो भाग असतो तो आंतून बराचसा पोकळ व हलका असतो, ही माहिती आम्हीं दिली. तिनें ती ऐकून घेतली आणि पुन्हां विचारलें, "पण कशाला?" 'कशाला' आणि 'कसें झालें' या दोन प्रश्नांच्या मधोमध उत्क्रांतीचें सारें शास्त्र बसलेलें आहे, आणि तेथें पाटी गप्प असते.

हा दोष एकट्या पाटी लिहिणाराचा नाहीं, भाषेचाहि आहे. आपण ज्याला देवमासा म्हणतों तो मासा नाहीं. ज्याला खवल्या मांजर म्हणतों त्याचें मांजराशीं जवळचें नातें नाहीं. देवगांडूळ हें गांडूळ नसून बेडकाच्या गोतांतलें, पाय हरवून बसलेलें जनावर आहे. हीं नांवें रूपावरून पडलीं, आणि रूप हेंच नात्यापासून सर्वांत अधिक फसवणारें. देवमाशाचें नातें तर असें कीं कोणत्याहि कथाकाराला सुचूं नये. ए. रंगराव या भारतीय भूशास्त्रज्ञानें काश्मीरांतल्या कालाकोट येथून जमवलेले कांहीं दगड त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीनें थेविसन या संशोधकाच्या हवालीं केले. त्यांतली एक कवटी साफ करतांना चुकून फुटली, आणि आंत जें कानाचें हाड निघालें तें केवळ देवमाशांच्या कुळांत आढळणाऱ्या घाटाचें होतें. तो प्राणी मांजराएवढा, खुरांचा, चार पायांचा. वय सुमारें पांच कोटि वर्षें. २००७ सालीं ही गोष्ट प्रसिद्ध झाली. पायांचे प्राचीन देवमासे कच्छमध्येंहि सांपडले आहेत. २०१५ च्या जूनमध्यें रेवदंड्याच्या किनाऱ्याला एक प्रचंड निळा देवमासा लागला आणि हजारों लोक तो पाहायला गेले. त्याचें माहेर त्याच अरबी समुद्राच्या वरच्या अंगाला आहे हें त्यांतल्या कितींना ठाऊक होतें?

खुद्द 'उत्क्रांति' हा शब्दहि निर्दोष नाहीं. १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्यां'त टिळकांनीं त्यावर आक्षेप घेतला आहे कीं संस्कृतांत उत्क्रांति म्हणजे मरण, प्राणाचें देहांतून निघून जाणें. तेव्हां या शास्त्राला सांख्यांच्या परिभाषेंतला गुणपरिणामासारखा शब्द अधिक शोभेल. टिळकांची सूचना रूढ झाली नाहीं. आमचा आक्षेप त्या शब्दाच्या आरंभीच्या उपसर्गाला आहे. 'उत्' म्हटलें कीं वर चढणें आलें, आणि वर चढणें आलें कीं जिना आला: खालच्या पायरीवर किडा, मग मासा, मग बेडूक, मग माकड, आणि सर्वांत वर कोट घातलेला मनुष्य. सुशिक्षित घरांतून दशावताराचें जें उदाहरण मोठ्या अभिमानानें दिलें जातें, तेंहि या जिन्याचेंच. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह हा क्रम मनोहर आहे, आणि पुराण म्हणून त्याचा मान कोणी कमी करूं नये. परंतु त्यांत एका पायरीनंतर दुसरी अशी एकेरी चाल आहे. शास्त्र सांगतें तें झाडासारखें आहे. फांदीला फांदी फुटते, बहुतेक वाळून जातात, आणि जेवढ्या हिरव्या आहेत तेवढ्या सर्व सारख्याच आजच्या आहेत. टोपलींतला मासा मनुष्याच्या खालच्या पायरीवर नाहीं. तो दुसऱ्या फांदीच्या टोंकाला आहे.

मग हें झाड दाखवावयाचें कसें? याचें एक उत्तर मुंबईंतच घडलेलें आहे. १९०८ च्या सुमारास सलीम अली नांवाच्या एका मुलानें खेळण्यांतल्या बंदुकीनें एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. नेहमींच्या चिमणीला तो नसतो, हें त्याच्या ध्यानांत आलें, आणि मामाची चिठी घेऊन तो सोसायटीच्या कचेरींत मिलर्ड यांच्याकडे गेला. मिलर्डनीं चिमणी ओळखली, पण तेवढ्यावर मुलाची बोळवण केली नाहीं. त्यांनीं कपाटें उघडून त्याला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला. पुढें १९८५ सालीं लिहिलेल्या आत्मचरित्राला सलीम अलींनीं त्याच चिमणीचें नांव दिलें. आणि मधल्या काळांत, १९२६ च्या सुमारास, याच वस्तुसंग्रहालयाच्या प्राणिविभागांत लोकांना माहिती सांगण्याची नोकरीहि त्यांनीं केली होती.

या कथेंतली चिमणी सर्वांना ठाऊक आहे. आम्हांला महत्त्व वाटतें तें कपाटाचें. कांचेमागें एका जातीचा एक नमुना असतो, आणि तो जातीचा आदर्श म्हणून उभा असतो. खणांत एका जातीचे वीस असतात, आणि त्यांतला कोणताच दुसऱ्यासारखा नसतो: एकाचा गळा अधिक पिवळा, एकाची चोंच आंखूड, एक कोंकणांतला फिकट, एक घाटावरचा गडद. हा जो थोडाथोडा फरक, तोच उत्क्रांतीचा कच्चा माल. डार्विनलाहि झाड दिसलें तें गालापागोस बेटांवर नव्हे, लंडनमध्यें. बेटांवरून आणलेले लहान पक्षी निरनिराळ्या कुळांतले असावेत असें त्याला वाटलें होतें. कोणता कोणत्या बेटावरचा याची नोंदहि त्यानें धडपणें ठेवली नव्हती. १८३७ च्या जानेवारींत जॉन गूल्ड यांनीं ते एकाशेजारीं एक ठेवून पाहिले आणि सांगितलें कीं चोंची कितीहि निराळ्या असल्या तरी हे सगळे एकाच कुळांतले. तेव्हां विस्मय उत्पन्न करण्याचें काम कांचेचें, जिज्ञासा जागी करण्याचें काम खणाचें. आणि जगांतल्या बहुतेक संग्रहालयांत खण प्रेक्षकांना बंद असतो. नमुने हाताळून खराब होतात हें खरें. पण एखादा खण कांचेखालीं उघडा ठेवून त्यांत एका जातीचे वीस पक्षी मांडणें, आणि पाटीवर एवढेंच लिहिणें कीं 'यांत फरक शोधा', याला कितीसा खर्च येईल?

आतां पालघरच्या बाजूला वळूं. तेथल्या बाजारांत पापलेट, बोंबील, घोळ यांच्या शेजारीं पानासारखा चपटा असा एक मासा असतो. कोंकणांत त्याला लेपा म्हणतात. त्याची एक बाजू मळकट तपकिरी, दुसरी पांढरी; आणि दोन्ही डोळे तपकिरी बाजूला. जीवसृष्टींतल्या विचित्र प्राण्यांची यादी करावयाची तर लोक ऑस्ट्रेलियांतल्या बदकचोंच्या प्लॅटिपसापासून आरंभ करतात. आमच्या मतें लेपा त्याच्या पुढचा आहे, आणि तो आपण तळून खातों. हा मासा अंड्यांतून बाहेर येतो तेव्हां इतर माशांसारखा असतो, डोळा एका गालावर एक. मग थोड्याच दिवसांत एक डोळा डोक्यावरून सरकत सरकत पलीकडे जातो, कवटी पिळवटते, आणि मासा आडवा होऊन तळाला पसरतो.

या माशानें डार्विनला फार सतावलें. सेंट जॉर्ज मिव्हर्ट यानें १८७१ सालीं विचारलें कीं डोळा पूर्ण पलीकडे गेला तर फायदा समजतो. पण अर्ध्या वाटेवर आलेल्या डोळ्याचा मालकाला काय उपयोग? आणि उपयोग नसेल तर तो टिकला कसा? प्रश्न खोडसाळ नव्हता, चांगला होता. डार्विननें १८७२ च्या आवृत्तींत उत्तर दिलें, परंतु खालचा डोळा वर ताणण्याच्या संवयीचा परिणाम पुढच्या पिढ्यांत उतरतो असा आधार त्यानें त्यांत घेतला, आणि तो आज कोणी मानीत नाहीं. अर्ध्या वाटेवरचा मासा कोणीं पाहिला नव्हता, हीच खरी अडचण. तो २००८ सालीं मिळाला. मॅट फ्रीडमन या तरुण संशोधकानें इटलींतल्या सुमारें पांच कोटि वर्षांपूर्वींच्या खडकांतले मासे पुन्हां तपासले. त्यांत असे होते कीं ज्यांचा एक डोळा वर सरकलेला आहे पण डोक्याचा माथा ओलांडून गेलेला नाहीं. लहान पोर नव्हे, पूर्ण वाढलेला मासा. यांतला एक नमुना व्हिएन्नाच्या संग्रहालयांत पडून होता. मिव्हर्टच्या प्रश्नाचें उत्तर कपाटांत होतें. उघडून पाहणारा हवा होता.

याच्या उलट दिशेचीहि एक हकीकत आहे, आणि ती बंदरांतल्या मुलांना अवश्य सांगावी. दक्षिण आफ्रिकेंत ईस्ट लंडन येथील छोट्या संग्रहालयाच्या मार्जरी कोर्टनी-लॅटिमर या बाई मच्छीमार बोट आली कीं धक्क्यावर जाऊन ढीग पाहत. १९३८ च्या डिसेंबरांत त्यांना त्या ढिगाखालून एक निळसर, जाड खवल्यांचा, पायांसारख्या परांचा मासा दिसला. अशा जातीचे मासे सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं नाहींसे झाले अशी शास्त्रज्ञांची समजूत होती. सातपाटीच्या धक्क्यावर असा चमत्कार रोज घडेल असें आम्ही म्हणत नाहीं. पण संग्रहालयानें धक्क्यावर जावें, ही रीत घेण्यासारखी आहे.

ओहोटीच्या चिखलांतली निवटी ही दुसरी मोठी शिक्षिका. हा बोटभर मासा पाण्याबाहेर परांवर रांगतो, उड्या मारतो, बीळ खणतो, शेजाऱ्याशीं भांडतो. डोक्यावर बसवल्यासारखे त्याचे डोळे मधून मधून खांचेंत ओढले जाऊन ओले होऊन वर येतात. कल्ल्यांच्या पोकळींत पाणी धरून, आणि ओल्या कातडीनें व तोंडाच्या आंतल्या त्वचेनें हवा घेऊन तो बाहेर तग धरतो. निवटी दाखवून 'हाच मासा जमिनीवर आला आणि त्याचा बेडूक झाला' असें सांगण्याची एक चाल आहे. ती मोडली पाहिजे. जे मासे खरोखरच चार पायांच्या प्राण्यांचे पूर्वज होत त्यांच्या जवळच्या नात्यांतला एक २००४ सालीं कॅनडाच्या उत्तर टोंकाच्या एल्समियर बेटावर सांपडला आणि २००६ सालीं 'टिक्टालिक' या नांवानें जगापुढें आला. त्याचें वय सुमारें साडेसदतीस कोटि वर्षें, परांत मनगटासारखीं हाडें, मान मोकळी. निवटी त्या वंशाची नाहीं. ती सर्वस्वी दुसऱ्या, पुष्कळ अलीकडच्या फांदीवरची असून तिनें जमिनीकडे स्वतःची वाट काढली आहे. आम्हांला हें पूर्वज असण्यापेक्षां अधिक आश्चर्याचें वाटतें: पाण्याच्या कांठीं राहणें भाग पडलें कीं निसर्ग तोच प्रश्न पुन्हां घालतो, आणि निराळ्या देहांत त्याचें निराळें उत्तर निघतें.

हें सारें विद्वानांच्या करमणुकीचें आहे असें कोणी म्हणेल. तसें तें राहिलेलें नाहीं. २०१८ च्या जानेवारींत तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनीं औरंगाबाद येथें (आतां छत्रपति संभाजीनगर) सांगितलें कीं डार्विनचा सिद्धान्त चुकीचा आहे, कारण माकडाचा मनुष्य होतांना आपल्या पूर्वजांपैकीं कोणी पाहिल्याचें सांगितलेलें नाहीं. देशांतल्या तिन्ही विज्ञान अकादमींनीं संयुक्त पत्रक काढून त्याला विरोध केला. माणसानें पाहिलें नाहीं म्हणून घडलें नाहीं, हा न्याय लावला तर सह्याद्रीचे काळे कातळहि लाव्हापासून झाले नाहींत असें म्हणावें लागेल. ती निदान एका व्यक्तीची उक्ति होती. पुढें २०२३ सालीं केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांतून उत्क्रांतीचा भागच वगळला गेला आणि धड्याचें नांव केवळ 'आनुवंशिकता' एवढें उरलें. अठराशेंहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनीं पत्रावर सह्या करून निषेध केला. मुलांवरचा भार हलका करणें हें कारण दिलें गेलें. विषय बारावीच्या जीवशास्त्रांत आहेच, असेंहि सांगण्यांत आलें. पण दहावीनंतर जीवशास्त्र न घेणारीं मुलेंच अधिक, हें कोणत्याहि पालकाला ठाऊक आहे. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ सालच्या दहावीच्या पुस्तकांत मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा दुसऱ्या भागाचा पहिलाच धडा होता, आणि त्यांत प्लॅटिपस, फुप्फुसमासा, पेरिपॅटस असे 'जोडणारे दुवे' दिलेले होते. दुवे सगळे परदेशचे, हें आम्हांला जरा खटकतें. तरी धडा होता याबद्दल मंडळाचे आभारच मानले पाहिजेत.

ज्या बोईसर-तारापूरच्या वसाहतींत देशभरच्या नोकरदारांचीं कुटुंबें येऊन राहिलीं आहेत, तेथें एकाच चाळींत एक मूल राज्य मंडळाच्या शाळेंत आणि दुसरें केंद्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेंत जाऊं शकतें. एका जिन्यावरच्या दोन मुलांपैकीं एकाला आपण इतर जिवांचे नातलग आहों हें सोळाव्या वर्षापूर्वीं समजावें, आणि दुसऱ्याला कदाचित् कधींच समजूं नये, ही स्थिति आम्हांला चमत्कारिक वाटते. अशा वेळीं संग्रहालयाचें दालन ही करमणूक राहत नाहीं. गाळलेल्या धड्याची जागा त्याला भरून काढावी लागते. म्हणून त्याच्याकडे इतक्या खोलांत जाऊन पाहण्याची तसदी आम्हीं घेतली.

आणि चिखलाचें काय? डहाणूजवळच्या वाढवण येथील प्रचंड बंदराची कोनशिला ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघरांत बसली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला कित्येक वर्षें विरोध आहे; तो पोटापाण्याचा आहे आणि त्याचा निवाडा या मासिकाच्या पानांवर व्हावयाचा नाहीं. परंतु ओहोटीच्या त्या पट्ट्याची किंमत काढतांना मासळीचे भाव आणि मालाचें वजन यांखेरीज आणखीहि एक रकाना असावा असें आम्हांला वाटतें. ज्या दालनाला ना तिकीट ना कांच, जेथें प्राणी मान वळवून पाहतात, तें दालन बांधायला कोणत्याच विटेटला बोलावतां येत नाहीं.

परततांना गाडींत त्या बोईसरच्या मुलीला आम्हीं लेप्याची हकीकत सांगितली. लेप्याचेहि दोन प्रकार असतात, हें तिला विशेष आवडलें: मासा डोळ्यांची बाजू वर आणि पोट आपल्याकडे करून ठेवला असतां तोंड डावीकडे आलें तर तो डाव्या अंगाचा, उजवीकडे आलें तर उजव्या अंगाचा; जिभेसारखा लांबट जो आपल्या बाजारांत बहुधा दिसतो तो डाव्या अंगाच्या कुळांतला. दुसऱ्या दिवशीं तिनें आजीबरोबर बाजारांत जाऊन अकरा लेपे उलटे-पालटे करून पाहिले. अकराहि डावे. बारावा पाहायचा राहिला. तोंवर मासेवालीनें हात धरून विचारलें, घेणार आहेस का नुसती मोजणार आहेस?